जाहिरातीची खालची पट्टी

दसऱ्याच्या दिवशी सकाळी आठला धैर्यशीलनं सोप्यातली तसबीर भिंतीवरनं उतरवली आणि वीरधवलच्या हातातला चहा बशीत सांडला. चोपन्न वर्षांत ती तसबीर त्या खिळ्यावरनं हलली नव्हती. घराला तीनदा रंग दिला, पण रंगारी आपले तिच्या कडेकडेनं ब्रश फिरवून मोकळे, कारण वीरधवलच्या वडिलांचा, आकाराम आप्पांचा, तसा हुकूम होता. आप्पांना जाऊन वीस वर्षं झाली, हुकूम मात्र अजून नोकरीवर होता. त्यामुळं आता भिंतीवर जुन्या निळ्या रंगाचा एक चौकोन उघडा पडला.

"पप्पा, एवढे दचकताय काय? पाडत नाही मी," धैर्यशील म्हणाला. शर्टाच्या बाहीनं काच पुसून त्यानं तसबीर माजघरात नेऊन ठेवली. अकरा वाजता ती जीपच्या बॉनेटवर मांडायची होती.

वीरधवल फौजेतनं सुभेदार होऊन आलेला माणूस. बर्फात दोन हिवाळे काढलेला. पण ह्या एका तसबिरीकडं त्यानं कधी सरळ बघितलं नव्हतं. सोप्यात बसायचं तर तिच्याकडं पाठ करूनच बसायचा. लग्नानंतर वर्षभरातच बायको राजनंदिनीनं विचारलं होतं, "तुमचं आणि मामंजींच्या फोटोचं काही भांडण आहे का हो?" त्यावर तो चप्पल घालून रानात निघून गेला होता.

तसबिरीत होती एक जाहिरात. एकाहत्तर सालच्या दिवाळी अंकातली, जीपची, अख्खं पान. वर ठसठशीत अक्षरं, ‘वाट संपते, तिथून पुढे!’ खाली वारणा नदी, बॉनेटपर्यंत पाण्यात शिरलेली जीप, दोन्ही अंगांना उडालेलं पाणी, आणि स्टेअरिंगवर जरीचा अबोली फेटा बांधलेला मिशाळ गडी. त्या एका कागदानं ह्या घराला नाव दिलं. शिराळ्यापासून आष्ट्यापर्यंत लोक त्यांना ‘जाहिरातवाले’ म्हणायचे. वीरधवलच्या थोरल्या भावाचं, दादासोचं, लग्न ठरताना मुलीकडच्यांनी आधी तसबीर बघितली, मग नवरा. धैर्यशीलनं शाळेत ‘माझे आजोबा’ निबंध लिहिला तो हिच्यावर. पुढं इंजिनिअर झाल्यावर तीन वर्षांच्या सगळ्या सुट्ट्या घालवून, गोठ्यामागं गंजत पडलेली तीच जीप त्यानं पुन्हा उभी केली, तीही हिच्याच पायी. आज त्या जीपची पूजा. सांगलीच्या जुन्या गाड्यांच्या क्लबातनं पंधरा जीपा यायच्या होत्या. अंगणात बारा फुटी फ्लेक्स लागला होता, तीच जाहिरात, आणि खाली लाल अक्षरांत, ‘जाहिरातीतले आकाराम आप्पा’.

आणि तो गडी आकाराम आप्पा नव्हताच मुळी!

हे माहीत असलेली दोनच माणसं आता जिवंत होती. एक वीरधवल, दुसरी त्याची आई चंद्राबाई. एका घरात राहून दोघं ह्यावर आजवर चकार शब्द बोलले नव्हते.

झालं होतं असं. कंपनीची माणसं कॅमेरा घेऊन आली त्या दिवशी शिराळ्याचा बाजार, गाव सगळं तिकडं. नदीवर आप्पा, त्यांचा ड्रायव्हर बिरदेव, कंपनीचे तिघं आणि नऊ वर्षांचा वीरधवल. दादासो तेव्हा सांगलीला बोर्डिंगात. आप्पांनी नवा फेटा, नवा कोट घालून झोकात जीप पाण्यात घातली आणि मधोमध ती फुस्स करून बंद पडली. आप्पा कमरेएवढ्या पाण्यातनं चालत काठाला आले. कोयनानगरला धरणाच्या कामावर मोठमोठ्या गाड्या हाणलेला बिरदेव तिथल्या भूकंपात खोली पडल्यावर गावी परतलेला. त्यानं जीप बैलांनी ओढून काढली. पंख्याचा पट्टा उतरवला, म्हणजे पंखा पाणी उडवून इंजिन भिजवणार नाही. जीपच्या तोंडाला गोणपाट बांधलं, वायरी धोतरानं पुसल्या आणि म्हणाला, "आता घाला मालक." आप्पांची छाती होईना. फोटोवाला म्हणाला, ऊन चाललंय, तो कोट-फेटा ह्यालाच द्या की. दिला. तासाभराचं काम. कंपनीच्या माणसानं जाताना, गाडीत बसलेल्यालाच नाव-गाव विचारून लिहून घेतलं.

दिवाळीला अंक आला. पानाच्या तळाशी एक ओळ छापलेली होती. आप्पांनी ती वाचली, बराच वेळ पान तसंच धरून बसले, आणि मग वीरधवलला हाक मारली. "वीर्‍या, हस्तकलेत तुज्या हाताला वळण हाय न्हवं? ही खालची पट्टी काप. सरळ काप. आन् चुलीत टाक."

पोरानं कात्री आणली आणि पट्टी कापली. लय सरळ कापली. चुलीत मात्र टाकली नाही. माणसाचं छापलेलं नाव जाळायचं त्याला भ्या वाटलं, एवढंच कारण. पट्टी भूगोलाच्या पुस्तकात गेली, पुस्तकातनं पुढं फौजेच्या काळ्या ट्रंकेत, आणि आजही ती तिथंच होती. गाडी आप्पांची, फेटा-कोट आप्पांचा, म्हणून तसबीर बघून लोकांनी गडीही आप्पाच धरला.

पण खरी लाज पट्टीची नव्हती. खरी लाज त्यानंतरच्या एका मिनिटाची होती. तसबीर लागली त्या दिवशी बिरदेव जीपची किल्ली मागायला उंबऱ्याशी आला. त्याला वाचता येत नव्हतं, पण स्वतःचं तोंड तर माणसाला कळतंच. तो तसबिरीकडं बघत राहिला. मग आप्पांकडं. मग म्हणाला, "मालक लय ब्येस दिसत्यात फोटूत." आणि वीरधवलकडं बघून हसला. आणि वीरधवलही हसला. आप्पांच्या बाजूनं हसला. दोन वर्षांनी बिरदेव काविळीनं गेला, पण ते हसू वीरधवलच्या तोंडाला चिकटलं ते चिकटलंच.

अंगणात बिरदेवचा मुलगा धुळा जीपला झेंडूची माळ बांधत होता. आष्ट्यात त्याचं गॅरेज. आजोबाचंच नाव त्याला ठेवलेलं. जीपचा गिअरबॉक्स त्यानंच बसवला होता, आणि आज जीप चालवणारही तोच, कारण तिचे गिअर दुसऱ्या कुणाचं ऐकायला तयार नव्हते. वीरधवलला बघून तो हात पुसत जवळ आला.

"आवं सुभेदार, एक इचारू का? माजा बा हीच गाडी चालवायचा न्हवं?"

"व्हय."

"तुमी त्येला चांगलं बघितलं असंल."

"व्हय की."

"कसा हुता वो दिसायला?" धुळानं विचारलं आणि स्वतःच ओशाळला. पंचावन्न वर्षांचा, डोक्याला टक्कल पडलेला माणूस, लहान पोरासारखा पायानं माती उकरायला लागला. "मी तीन वर्साचा हुतो. त्वांड ध्यानात न्हाई. घरात एक फोटू न्हाई बगा त्येचा. सणाला आईच्या फोटूशेजारी आमी त्येचा सदरा घडी करून ठिवतो. आई मरस्तवर म्हनायची, नदीवर सायबांनी तुज्या बाचा फोटू काढला हुता म्हनून. मला वाटायचं, म्हातारीला भास हुतोय."

त्याच्या डोक्यावर बारा फुटी बिरदेव वाऱ्यानं फडफडत होता. फ्लेक्सच्या दोऱ्या धुळानंच सकाळी बांधल्या होत्या.

"धुळा..." वीरधवल म्हणाला. "आलोच मी," असं काहीतरी पुटपुटून तो घरात पळाला. हो, पळालाच. सुभेदार!

ट्रंक उघडून त्यानं पट्टी काढली आणि माजघरात आला. तिथं राजनंदिनी पूजेचं ताट लावत होती, दादासो कडक इस्त्रीच्या कपड्यांत भाषणाचा कागद वाचत होता, चंद्राबाई पाटावर बसून वाती वळत होत्या. धैर्यशील क्लबवाल्यांशी फोनवर. "हां, आष्टा सोडलं का? या या," असं म्हणून त्यानं फोन ठेवला, आणि वीरधवलनं एका दमात सगळं सांगून टाकलं. नदी, फेटा, पट्टी, सगळं. सांगताना तो आईकडं बघत नव्हता.

पहिल्यांदा दादासो बोलला. "डोकं ठिकाणावर हाय का तुजं? पावनं वाटंत हायेत आन् तू आज ह्ये काढतोस?"

"धुळा बाहेर बापाचं तोंड विचारतोय, दादा. त्याच्याच डोक्यावर लटकतंय."

"मग उद्या सांग. एकट्याला सांग. एक कॉपी काढून दे, काचंत घालून दे. ह्या घराची चारचौघांत शोभा करून कुनाचं भलं हुणाराय? मी सभेत, लग्नात, प्रचारात, जिथं उभा ऱ्हायलो तिथं ह्या फोटूचं सांगितलंय. लोक तोंडात शेन घालतील माज्या!"

"माझ्या पण," धैर्यशील हळूच म्हणाला. त्याचा चेहरा उतरला होता. "पप्पा, मी तीन वर्षं तुमच्यासमोर त्या गाडीखाली झोपून काम करत होतो. तुम्ही मला पाने काढून देत होता. एकदा तरी सांगायचंत. मी धुळाकाकांना काय सांगत होतो माहितीये? की बघा, माझ्या आजोबांनी कशी नदी पार केली! आणि ते ‘व्हय की, लय धाडशी’ म्हणत होते."

वीरधवलनं हातातली पट्टी मुठीत मिटली. त्याची मान खाली गेली.

"मेलेल्या मानसाच्या डोक्यावरचा फेटा वढतोस व्हय रं?" चंद्राबाई वात वळायची थांबल्या होत्या. "तुज्या बापानं तुला काय कमी केलं? त्यो गेला तरी कुनी त्येचं नाव घेतलं की आदी ती जायरात सांगतात. ती काडली तर त्येचं काय ऱ्हातंय?"

"ऊस ऱ्हातोय, विहीर ऱ्हातेय, आमी ऱ्हातोय," वीरधवल म्हणाला. आईसमोर त्याच्या तोंडी आपसूक गावचीच बोली आली.

"मी थोरला हाय ह्या घरात," दादासो म्हणाला. "आज कुनी काय बोलनार न्हाई. आईचंबी तेच म्हननं हाय. धैर्या, तू सांग तुज्या बापाला."

सगळ्यांना वाटलं पोरगा चुलत्याच्या बाजूनं जाणार, कारण कार्यक्रम त्याचा, कष्ट त्याचे. पण त्याच्या आधी राजनंदिनीनं ताट खाली ठेवलं. पस्तीस वर्षं ह्या घरात ती थोरल्या दिरासमोर एवढ्या मोठ्यानं बोलली नव्हती.

"भाऊजी, कॉपी काढून देऊ म्हणता, ते कुणाचा फोटो म्हणून देणार? आमच्या आप्पांचा म्हणून, की त्याच्या बापाचा म्हणून? त्याच्या बापाचा म्हणून दिला, तर मग बाहेर फ्लेक्सवर नाव कुणाचं?"

दादासोनं भाषणाचा कागद घडी करून खिशात घातला. धैर्यशील उठला, बाहेर गेला. खिडकीतनं दिसलं, तो फ्लेक्सच्या दोऱ्या सोडत होता. धुळा त्याला विचारत होता, "का रं गड्या, वाकडा लागलाय का?" आणि पोरगं गाठ सोडत होतं, डोळे पुसत होतं. मग त्यानं धुळाचा हात धरला आणि त्याला सोप्यात घेऊन आला.

वीरधवल तसबीर घेऊन सोप्यात आला. बाकीचे मागोमाग दाराशी येऊन थांबले. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं त्या चेहऱ्याकडं सरळ बघितलं. किती साधा चेहरा होता! पाण्याकडं नीट लक्ष देऊन गाडी हाकणारा माणूस, बाकी काही नाही.

"धुळा, बस," तो म्हणाला.

"ऱ्हाऊ दे की, हाताला ग्रीस हाय."

"बस, म्हणतो मी." त्यानं तसबीर त्याच्या मांडीवर ठेवली. "तू विचारलंस न्हवं, कसा दिसायचा? असा दिसायचा. हा बिरदेव हाय. आप्पा न्हवंत. फेटा आप्पांचा, माणूस तुझा बाप."

धुळा आधी हसला. मग दाराशी उभ्या सगळ्यांची तोंडं त्यानं एकेक करून बघितली आणि हसायचा थांबला. खाली वाकून त्यानं काचेला नाक लागेल इतकं जवळनं बघितलं. बाहेर लांबनं जीपांचे हॉर्न ऐकू यायला लागले. धुळाचं लक्ष नव्हतं. त्यानं ग्रीसचं बोट लागू नये म्हणून मनगटानंच काच पुसली.

"माज्यापरास ल्हान हाय की वो ह्यो," तो म्हणाला. "पोरगंच हाय."

राजनंदिनीनं तोंडाला पदर लावला. मग धुळानंच विचारलं, मान वर न करता.

"तुमास्नी ठावं हुतं, सुभेदार?"

"व्हय."

"कवापासनं?"

"तवापासनं. मी हुतो नदीवर."

"माजी आई जिती हुती तवाबी?"

वीरधवलला वाटलं, ह्यानं शिव्या द्याव्यात, दोन ठेवून द्याव्यात, तसबीर आपटावी. सहा वर्षांमागं धुळाच्या आईच्या मातीला तो स्वतः गेला होता. खांदा दिला होता. तेव्हाही पट्टी ट्रंकेत होती.

"व्हय," तो म्हणाला. "तवाबी."

"तिनं इचारलं हुतं," दाराशी चंद्राबाई बोलल्या. आवाज एवढासा होता. "मागल्या दारी आलती. म्हनाली, आक्का, मालकांकडं ह्यांचा फोटू असंल तर एकडाव दावा. पुढल्या सोप्यात ती कवा आली न्हाई. आमीच येऊ दिलं न्हाई. म्या म्हनलं, कसला फोटू? तसलं काय न्हाई." एवढं बोलून म्हातारी भिंतीला धरून आत गेली.

वीरधवलनं मूठ उघडली. घामानं पट्टी ओलसर झाली होती. "हे खाली छापलं होतं. मी कापलं. माझ्या हातानं. घे, तुझं हाय."

धुळानं हात पुढं केला नाही. पट्टीवरची ओळ मात्र तिथनंच वाचली, ओठ हलवत. ‘"नदीला पाणी असो वा नसो, माझी जीप मला पैलतीरी नेतेच!" – श्री. बिरदेव धुळा येडगे, ता. शिराळा.’

"श्री. म्हनलंय," धुळा म्हणाला. मग पुन्हा वाचलं. मग पहिल्यांदा त्यानं वीरधवलच्या डोळ्यांत बघितलं. "मला नगा देऊ. मी काय कापली न्हाई. तुमी कापली, तुमीच जोडा. इतंच. मी बसतो."

अंगणात पहिली जीप शिरली, पाठोपाठ दुसरी. माणसं उतरून हसत, मोठ्यानं बोलत, सुटलेल्या फ्लेक्सकडं बघत होती. दादासो पायरीपर्यंत गेला, त्यांना काय सांगावं सुचेना, म्हणून खिशातला भाषणाचा कागद काढला आणि तसाच परत ठेवला. "जरा थांबा," तेवढंच म्हणाला. आत वीरधवल जमिनीवर मांडी घालून बसला होता. धैर्यशीलनं मागचे खिळे काढून दिले. काच निघाली, कागद निघाला. चिकटवायला डिंक कुठं सापडेना. तेवढ्यात चंद्राबाई आतनं आल्या. हातात वाटी, वाटीत गव्हाच्या पिठाची गरम खळ. कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी वाटी लेकाच्या पुढ्यात ठेवली आणि धुळाच्या शेजारी, खालीच, जमिनीवर बसल्या.

वीरधवलनं बोटानं खळ लावली. चोपन्न वर्षांत पान उन्हानं पिवळं पडलं होतं आणि अंधारातली पट्टी पांढरी राहिली होती. कापताना एवढी सरळ कापलेली ती जोडताना मात्र तिरकी बसली.

"वाकडी झाली रं," तो म्हणाला. "काढून परत लावू?"

"नगा," धुळा म्हणाला. "दिसू दे."

धैर्यशीलनं काच आणि खिळे परत बसवल्यावर धुळानं तसबीर उचलून काखेत घेतली. मग सवयीनं मागल्या दाराकडं वळला, दोन पावलं गेला, थांबला, आणि माघारी येऊन पुढच्या दारानं अंगणात गेला. एवढी सगळी माणसं वाट अडवून उभी होती. कुणी हात पुढं केला, कुणी जीप उभी केल्याबद्दल अभिनंदन केलं. धुळानं जीपच्या ड्रायव्हरशेजारच्या सीटवर तसबीर टेकवून ठेवली, झेंडूच्या माळेतला एक पदर तोडून तिच्यावर घातला आणि स्टेअरिंगवर बसला.

"सुभेदार," त्यानं हाक मारली. "पावन्यांस्नी सांगा कोन हाय ह्यो. तुमीच सांगा."

वीरधवल पायरीवर उभा राहिला. पन्नासेक माणसं त्याच्याकडं बघत होती. परेड मैदानावर ज्याचा आवाज पार टोकाला जायचा, त्याला घसा दोनदा खाकरावा लागला.

"हा बिरदेव धुळा येडगे," तो म्हणाला, आणि मागनं कुणीतरी ओरडलं, "ऐकू येत नाही, मोठ्यानं बोला!" तेव्हा त्यानं ते पुन्हा सांगितलं, मोठ्यानं.